बीई तारे व त्यांच्या वायुचकत्या

बीई तारे : बी या वर्णपटीय वर्गातील जे तारे महातारे नाहीत आणि ज्यांच्या वर्णपटात (प्रकाशाचे पृथक्करण केल्यावर मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात) हायड्रोजनाच्या तेजस्वी उत्सर्जन रेषा दिसतात किंवा पूर्वी कधी दिसल्या होत्या, त्यांना बीई तारे म्हणतात. ‘बी’ हे अक्षर वर्गाचे निदर्शक असून ‘ई’ हे उत्सर्जन या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. या ताऱ्यांचे पृष्ठीय तापमान सु. १०,००० ते ३०,००० के. असते, सूर्याचे ते सु. ५,८०० के. आहे. आकाशगंगेतील बी वर्गाच्या ताऱ्यांपैकी सु. एकपंचमांश तारे बीई प्रकारचे आहेत. सर्वसाधारण तप्त ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनाच्या रेषा काळ्या, म्हणजे शोषण रेषा असतात. त्या जागी तेजस्वी रेषा दिसतात याचा अर्थ असा की, ताऱ्याच्या पृष्ठाबाहेर तप्त पण विरळ वायू मोठ्या प्रमाणात पसरलेला असतो. हा वायू ताऱ्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत चपट्या चकतीच्या रूपात फिरत असतो, असे आता निश्चित झाले आहे. एखाद्या नवजात ताऱ्याभोवती मूळ मेघाचे द्रव्य उरलेले असते तशी ही चकती नसून ती ताऱ्याने स्वतःच्या द्रव्यातून निर्माण केलेली असते. ती काही महिन्यांत वा वर्षांत वाढते, पुष्कळदा विरून जाते व पुन्हा निर्माण होते.

महाराष्ट्रातून दिसणारे बीई तारे : नुसत्या डोळ्यांनी दिसणारे काही सुपरिचित तारे या प्रकारचे आहेत. शर्मिष्ठा तारकासमूहातील इंग्रजी एम् अक्षरासारख्या आकृतीचा मधला तारा (गॅमा), वृषभ राशीच्या दक्षिण शिंगाच्या टोकाचा तारा (झीटा), ययाति तारकासमूहातील फाय आणि यमुना तारकासमूहाच्या दक्षिण टोकाचा अग्रनद हे त्यांपैकी प्रमुख होत. वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड हे तालुक्याचे ठिकाण सु. २०° ३०′ उत्तर अक्षांशावर आहे, तर वृषभातील झीटा ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सु. २१° ९′ उत्तर आहे. त्यामुळे कारंजा लाड येथे हा तारा जवळजवळ माथ्यावरून, खस्वस्तिकाच्या जेमतेम पाऊण अंश उत्तरेकडून, जातो. जानेवारीच्या अखेरीस रात्री सव्वानऊच्या सुमारास तो या स्थितीत असतो. मृग नक्षत्राच्या उत्तरेस असलेला हा तिसऱ्या प्रतीचा तारा सु. ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. सुप्रसिद्ध खेकडा अभ्रिका त्याच्यापासून सु. एका अंशावर आहे. डिसेंबरच्या आरंभी रात्री नऊच्या सुमारास याच ठिकाणाहून उत्तरेस सु. ५० अंश उंचीवर शर्मिष्ठेतील गॅमा आणि दक्षिण क्षितिजावर जेमतेम १२ अंशांवर अग्रनद दिसू शकतो. नुसत्या डोळ्यांना किंवा मोठ्या दूरदर्शकालाही हे तारे बिंदुवतच दिसतात. त्यांच्याभोवती चकती आहे हे प्रथम तर्काने ठरले. तिचे प्रत्यक्ष मोजमाप पुष्कळ नंतर झाले.

शोध व तर्क : इटालियन ज्योतिर्विद आंजेलो सेक्की यांनी १८६६ साली शर्मिष्ठेतील गॅमा ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनाची रेषा काळी नसून तेजस्वी असल्याचे पाहिले. बीई ताऱ्याचे हे पहिले निरीक्षण होय. पुढे अशा अनेक ताऱ्यांच्या उत्सर्जन रेषा दुहेरी शिखरांच्या आढळल्या. ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९३१ साली त्यांची उपपत्ती मांडली. तिच्यानुसार हे तारे इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतात की, विषुववृत्तावरील द्रव्य सुटून ताऱ्याभोवती वलय तयार होते. वलयाची एक बाजू निरीक्षकाकडे येत असते व दुसरी दूर जात असते. त्यामुळे डॉप्लर परिणामानुसार रेषेचा एक भाग जांभळ्या व दुसरा तांबड्या रंगाकडे सरकून दोन शिखरे निर्माण होतात. वलय कडेने दिसत असल्यास वायू ताऱ्याच्या आड येऊन रेषेच्या मध्यभागी अरुंद काळी रेषाही उमटते. वलय वरून दिसत असल्यास मात्र शिखरे एकमेकांत मिसळतात.

या उपपत्तीने बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. तथापि तिच्यातील एक अडचण कायम राहिली. वर्णपटावरून वायूचा वेग कळतो, पण तो वायू ताऱ्यापासून किती अंतरावर व कोणत्या आकारात आहे, हे कळत नाही. मंद वेगाने फिरणारी मोठी चकती, ताऱ्यापासून सर्व दिशांना वाहणारा वारा किंवा विषुववृत्ताकडे अधिक दाट झालेला वायूचा फुगवटा या निरनिराळ्या रचना योग्य त्या गृहीतांच्या साहाय्याने जवळपास सारखीच रेषा देऊ शकतात. या ताऱ्यांचा प्रकाश अल्प प्रमाणात, अधिकात अधिक एक-दोन टक्के, ध्रुवित (तरंगांची कंपने विशिष्ट दिशेत अधिक असलेला) असतो. चकतीतील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे प्रकाश विखुरला जाऊन असे घडते. यावरून वायूची मांडणी गोलाकार नाही एवढे सिद्ध झाले. परंतु चकतीची रुंदी व तिच्यातील गती यांचा निर्णय तिचे प्रत्यक्ष मापन झाल्याखेरीज लागणे शक्य नव्हते.

परिवलन व ताऱ्याचा आकार : सूर्याच्या विषुववृत्ताचा परिवलन वेग दर सेकंदास सु. २ किमी. आहे, बीई ताऱ्यांच्या बाबतीत तो काही शेकडा किमी. असतो. केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे तारा विषुववृत्तापाशी फुगतो व ध्रुवांपाशी चपटा होतो. विषुववृत्तापाशी परिणामी गुरुत्वाकर्षण कमी पडत असल्याने तेथील पृष्ठ ध्रुवांच्या मानाने थंड व मंद असते. हा परिणाम हूगो फोन त्सायपेल यांनी १९२४ साली गणिताने दाखविला होता. अग्रनद ताऱ्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी मोजण्यात आल्या आहेत. २००३ साली चिलीतील पारानाल येथील व्यतिकरणमापकाने घेतलेल्या निरीक्षणांवरून त्याच्या विषुववृत्तीय व ध्रुवीय व्यासांचे गुणोत्तर १.५६ इतके आले. सर्व भाग एकाच कोनीय वेगाने फिरणाऱ्या आणि बहुतेक द्रव्यमान केंद्राशी एकवटलेल्या ताऱ्यासाठी हे गुणोत्तर १.५ पेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे या निष्कर्षाने मोठे कोडे निर्माण केले. ताऱ्याभोवती उरलेल्या विरळ वायूचा प्रकाश मापनात मिसळला असावा, असा खुलासा नंतर पुढे आला. तारा चकतीविरहित असताना घेतलेल्या निरीक्षणांचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ताऱ्याची विषुववृत्तीय त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या सु. ९.२ पट व ध्रुवीय त्रिज्या सु. ६.८ पट आहे, म्हणजे गुणोत्तर १.३५ आहे. ध्रुवांचे तापमान सु. १७,१०० के. व विषुववृत्ताचे सु. १२,७०० के. भरले. विषुववृत्ताचा वेग दर सेकंदास सु. ३०० किमी. असून एवढ्या प्रचंड गोलाचे एक परिवलन सु. ३७ तासांत पूर्ण होते. सूर्याला त्यासाठी सु. २५ दिवस लागतात.

यातूनच बीई ताऱ्यांचा मुख्य प्रश्न उभा राहतो. अग्रनदाच्या विषुववृत्तालगत कक्षेत टिकून राहण्यासाठी द्रव्याला दर सेकंदास सु. ३५० किमी. वेग आवश्यक आहे. ताऱ्याचा स्वतःचा वेग त्याच्या सु. ८४ टक्केच आहे, सेकंदाला सु. ५० ते ६० किमी.ची उणीव राहते. स्ट्रूव्ह यांच्या मूळ कल्पनेप्रमाणे तारा केवळ परिवलनाने फुटत नाही. उरलेला वेग द्रव्याला कोठून मिळतो आणि ते कक्षेत कसे स्थिरावते, हे जाणून घेण्यासाठी चकतीचा आकार, घनता व गती मोजणे अगत्याचे ठरते.

अवरक्त प्रारणाचे महत्त्व : चकतीतील वायू ताऱ्याच्या जंबुपार (जांभळ्याच्या पलीकडील अदृश्य) प्रारणाने आयनीभूत झालेला असतो, म्हणजे हायड्रोजनाच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. तिचे तापमान सामान्यतः ताऱ्याच्या तापमानाच्या ६० ते ७० टक्के असते. ताऱ्यालगतचा चकतीचा भाग सर्वांत दाट असतो. तेथील घनता दर घ. सेंमी.ला एक ग्रॅमच्या दशसहस्र कोटीव्या भागाच्या (१०⁻¹¹ ग्रॅ.) आसपास असते, म्हणजे तो वायू आपल्या सभोवतालच्या हवेपेक्षा सु. दहा कोटी पटींनी विरळ असतो. इतका विरळ वायूही कोट्यवधी किमी. पसरलेला असल्याने पुरेसा प्रकाश देतो.

सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांजवळून जाताना त्यांची दिशा व वेग बदलतो आणि त्या वेळी प्रारण बाहेर पडते. त्याच प्रक्रियेने वायू प्रारण शोषूनही घेतो आणि ही शोषणक्षमता तरंगलांबीच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दृश्य प्रकाशाला बरीचशी पारदर्शक असणारी चकती अवरक्त (तांबड्याच्या अलीकडील अदृश्य) प्रारणाला अपारदर्शक बनते, आणि तरंगलांबी जितकी अधिक तितका तिचा अपारदर्शक भाग मोठा दिसतो. याउलट, ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश अवरक्तात वेगाने कमी होत जातो. म्हणजे तरंगलांबी वाढवीत नेल्यास तारा फिका पडतो व चकती ठळक होते. बीई ताऱ्यांपासून अपेक्षेपेक्षा अधिक अवरक्त प्रारण येते आणि ते चकतीतील आयनीभूत वायूचे असते, हे १९७४ साली दाखविण्यात आले. १९८३ साली सोडलेल्या अवरक्त ज्योतिषशास्त्रीय उपग्रहाच्या निरीक्षणांवरून चकतीची घनता ताऱ्यापासूनच्या अंतरानुसार कशी घटते याचेही अंदाज बांधता आले. परंतु हे अंदाज चकतीचा आकार गृहीत धरून केलेले होते.

कोनीय आकाराची अडचण : अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे विकला. वृषभातील झीटा ताऱ्याची चकती हायड्रोजनाच्या तांबड्या उत्सर्जन रेषेत पाहिली असता तिच्या लांब अक्षाचा कोनीय आकार सु. साडेचार सहस्रांश विकला आहे. कारंजा लाड येथून सरळ रेषेत सु. ९०० किमी. उत्तरेस असलेल्या दिल्लीत ठेवलेले २ सेंमी. व्यासाचे नाणे पाहिल्यास ते एवढेच दिसेल. कोणत्याही दूरदर्शकाची विभेदनक्षमता (जवळजवळचे तपशील वेगळे दाखविण्याची क्षमता) त्याच्या आरशाचा व्यास आणि प्रकाशाची तरंगलांबी यांवर अवलंबून असते. २.२ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात ८ मी. व्यासाच्या दूरदर्शकाची विभेदनक्षमता वातावरणाचा अडथळा नसतानाही सु. ५७ सहस्रांश विकला असते. म्हणजे या कामासाठी शंभर मी.हून अधिक व्यासाचा आरसा लागेल. असा आरसा तयार करणे शक्य नसल्याने व्यतिकरणमापनाचा मार्ग अवलंबावा लागतो.

व्यतिकरणमापनाचे तत्त्व : एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन दूरदर्शकांनी एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा करून तो एकत्र आणला, तर दोन तरंगमाला एकमेकींत मिसळून प्रकाशित व काळे पट्ट एकाआड एक उमटतात. यास व्यतिकरण म्हणतात. तारा आदर्श बिंदू असेल तर पट्ट ठळक असतात. ताऱ्याला वा चकतीला काही रुंदी असेल, तर तिच्या प्रत्येक भागाचे पट्ट किंचित सरकलेले असतात व ते एकमेकांवर पडून एकूण चित्र पुसट होते. पट्टांच्या ठळकपणाच्या मापास दृश्यता म्हणतात. दोन दूरदर्शकांमधील अंतर, म्हणजे आधाररेषा, वाढवीत नेल्यास दृश्यता कोणत्या अंतरावर किती घटते, यावरून वस्तूचा कोनीय आकार काढता येतो. पृथ्वीच्या परिवलनाबरोबर ताऱ्याच्या संदर्भात आधाररेषेची दिशा बदलत जाते. त्यामुळे निरनिराळ्या दिशांतील रुंदी मोजून चकती गोल दिसते की लंबवर्तुळाकार, हे ठरविता येते. १३० मी. आधाररेषेने २.२ मायक्रोमीटर तरंगलांबीला सु. ३.५ व ३३० मी. आधाररेषेने सु. १.४ सहस्रांश विकला इतकी विभेदनक्षमता मिळते.

ही पद्धत तत्त्वतः सोपी पण व्यवहारात अवघड आहे. दोन्ही मार्गांनी येणाऱ्या प्रकाशाने कापलेली अंतरे मिलिमीटरच्या अगदी लहान अंशापर्यंत समान ठेवावी लागतात. तारा आकाशात सरकत असल्याने हे अंतर सतत बदलते. ते जुळविण्यासाठी रुळांवरून सरकणाऱ्या गाड्यांवर आरसे बसवितात. वातावरणातील खळबळीमुळे पट्ट सेकंदाच्या अल्प भागात जागा बदलतात. अवरक्त तरंगांवर या खळबळीचा परिणाम दृश्य प्रकाशापेक्षा कमी होतो, हा अवरक्त मापनाचा आणखी एक लाभ होय.

इपॉलित फीझो यांनी १८६८ साली ही कल्पना सुचविली. ए. ए. मायकेलसन व एफ. जी. पीस यांनी १९२० साली मौंट विल्सन येथील दूरदर्शकावर सु. ६ मी. लांबीची तुळई बसवून मृगातील काक्षी ताऱ्याचा व्यास मोजला. ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथील तीव्रता व्यतिकरणमापकाने १९७४ पर्यंत ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले गेले; त्यांत अग्रनद हाही होता. आंत्वान लाबेरी यांनी १९७४ साली फ्रान्समध्ये दोन स्वतंत्र दूरदर्शकांचा प्रकाश एकत्र आणून अभिजित ताऱ्याचे पट्ट मिळविले आणि आधुनिक पद्धतीचा पाया घातला.

चकत्यांचे मापन : लाबेरी यांच्या उपकरणाने घेतलेल्या निरीक्षणांवरून १९८६ साली शर्मिष्ठेतील गॅमा ताऱ्याभोवतीचा हायड्रोजनाचा विस्तार प्रथम मोजला गेला. १९८९ साली या आवरणाची फिरती गतीही ओळखता आली. मौंट विल्सन येथील मार्क तीन या व्यतिकरणमापकाच्या साहाय्याने आंद्रेआस क्विरेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्णायक प्रयोग केला. त्यांचे निष्कर्ष १९९४ व १९९७ साली प्रसिद्ध झाले. झीटा ताऱ्याच्या बाबतीत आवरणाच्या लहान व मोठ्या अक्षांचे गुणोत्तर सु. ०.३ आले. इतकी चपटी आकृती गोलाकार किंवा किंचित फुगीर आवरणापासून मिळणे शक्य नाही. ती कडेच्या बाजूने दिसणारी पातळ चकतीच असली पाहिजे. शिवाय, ध्रुवित प्रकाशावरून काढलेली चकतीची दिशा व व्यतिकरणमापनाने मिळालेली दिशा यांचा मेळ बसला. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन पद्धतींनी एकच उत्तर दिल्यामुळे चकतीविषयीचा साठ वर्षांचा तर्क निरीक्षणाने सिद्ध झाला.

हे प्रयोग दृश्य प्रकाशातील होते. अवरक्तातील पद्धतशीर मापन एकविसाव्या शतकात झाले. मौंट विल्सन येथील चारा व्यतिकरणमापकात १ मी. व्यासाचे सहा दूरदर्शक असून त्यांची सर्वांत लांब आधाररेषा सु. ३३० मी. आहे. या उपकरणाने शर्मिष्ठेतील गॅमा, ययातीतील फाय, वृषभातील झीटा व कालेयातील कॅप्पा या चार ताऱ्यांच्या चकत्या २.२ मायक्रोमीटर पट्ट्यात मोजण्यात आल्या. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. हायड्रोजनाच्या तांबड्या रेषेत दिसणाऱ्या चकतीपेक्षा अवरक्त पट्ट्यात दिसणारी चकती लहान आढळली. याचे कारण असे की, अवरक्त सलग प्रारण मुख्यतः आतील दाट भागातून येते, तर उत्सर्जन रेषा बाहेरील विरळ भागातही निर्माण होते. निरनिराळ्या तरंगलांब्यांना चकतीचा निरनिराळा आकार मोजून तिच्या घनतेची अंतरानुसार होणारी घट ठरविता येते. २०१३ साली याच उपकरणाने केलेल्या २४ बीई ताऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

गतीचे मापन : चकती सिद्ध झाल्यावर ती कशी फिरते हा प्रश्न उरला. ग्रहांप्रमाणे प्रत्येक स्तर केप्लर यांच्या नियमानुसार फिरत असेल, तर वेग अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होईल. द्रव्य ताऱ्यापासून सुटून कोनीय संवेग कायम ठेवीत बाहेर जात असेल, तर परिवलनाचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे बराच लवकर, घटेल. आणि ताऱ्याच्या प्रारणदाबाने द्रव्य ढकलले जात असेल, तर बाहेरच्या दिशेचा वेग ठळकपणे दिसेल. हा निवाडा करण्यासाठी व्यतिकरणमापन व वर्णपटमापन यांची सांगड घालावी लागते. २.१६६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या हायड्रोजन रेषेचे अनेक सूक्ष्म भाग पाडून प्रत्येक भागातील पट्टांची दृश्यता व कला (आंदोलनाचा टप्पा) मोजतात. रेषेच्या जांभळ्या बाजूचा प्रकाश चकतीच्या जवळ येणाऱ्या अर्ध्या भागातून व तांबड्या बाजूचा दूर जाणाऱ्या अर्ध्या भागातून येतो. त्यामुळे प्रत्येक वेगाला प्रकाशाचे केंद्र कोठे आहे, हे पट्टांच्या सरकण्यावरून कळते. वेग व स्थान यांचा असा मेळ केवळ वर्णपटावरून मिळू शकत नव्हता.

पारानाल येथील व्यतिकरणमापकाच्या ॲम्बर उपकरणाने पीठ तारकासमूहातील आल्फा ताऱ्याचे असे निरीक्षण करण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्याची चकती केप्लर यांच्या नियमानुसार फिरते. त्यानंतर पाहिलेल्या इतर बीई ताऱ्यांबाबतही तसेच आढळले आणि चकतीतील बाहेरच्या दिशेचा वेग परिवलनाच्या मानाने नगण्य ठरला. या निष्कर्षाने १९९१ साली ली, साइओ व ओसाकी यांनी मांडलेल्या प्रतिकृतीस बळकटी आली. तिच्यानुसार ताऱ्यापासून सुटलेले द्रव्य प्रथम ताऱ्यालगत कक्षेत येते. वायूच्या लगतच्या थरांमधील श्यानतेमुळे (अंतर्गत घर्षणामुळे) आतील वेगवान थर बाहेरील थरांना कोनीय संवेग देतात व द्रव्य हळूहळू बाहेर सरकते. पुरवठा थांबला की, आतील वायू पुन्हा ताऱ्यावर पडतो व चकती आतून बाहेर विरत जाते.

वृषभातील झीटा ताऱ्याच्या उत्सर्जन रेषेची जांभळी व तांबडी शिखरे १९९७ नंतरच्या काळात सु. चार वर्षांच्या आवर्तनाने आळीपाळीने प्रबळ होत होती. चकतीच्या एका बाजूस दाट वायूचा एकच सर्पिल बाहू असून तो ताऱ्याभोवती सावकाश फिरतो, असा याचा अर्थ लावला जात होता. पारानाल येथील व्यतिकरणमापनाने चकतीची ही एकांगी मांडणी प्रत्यक्ष दाखविली. २००९ साली प्रसिद्ध झालेली प्रतिकृती वर्णपट व व्यतिकरण या दोन्ही प्रकारच्या निरीक्षणांशी जुळते.

सहचर ताऱ्यांचा शोध : अनेक बीई ताऱ्यांच्या वेगवान परिवलनाचे मूळ त्यांच्या जोडीदारात असावे. जोडीतील एक तारा फुगून आपले द्रव्य दुसऱ्यास देतो. दुसरा त्याबरोबर कोनीय संवेग मिळवून गरगर फिरू लागतो आणि पहिल्याचा केवळ तप्त गाभा उरतो. ययातीतील फाय ताऱ्याचा असा अंधुक सोबती चारा व्यतिकरणमापकाने प्रत्यक्ष पाहिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बीई ताऱ्याचे द्रव्यमान सूर्याच्या सु. ९.६ पट व सोबत्याचे सु. १.२ पट असून ते १२७ दिवसांत परस्परांभोवती फिरतात. एचआर ६८१९ या सु. १,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या प्रणालीत कृष्णविवर असल्याचे २०२० साली जाहीर झाले होते. २०२२ साली पारानाल येथील ग्रॅव्हिटी या अवरक्त व्यतिकरणमापन उपकरणाने तेथे एकमेकांपासून सु. एक सहस्रांश विकला अंतरावरील दोन तेजस्वी तारे वेगळे दाखविले. त्यांपैकी एक बीई तारा व दुसरा द्रव्य गमावलेला तारा आहे. कृष्णविवर मानण्याचे कारणच त्यामुळे उरले नाही.

भारतातील व महाराष्ट्राशी संबंधित कार्य : भारतात बीई ताऱ्यांचा अभ्यास मुख्यतः वर्णपटांच्या द्वारे झाला आहे. लडाखमधील हान्ले येथील २ मी. व्यासाच्या हिमालयन चंद्र दूरदर्शकाच्या साहाय्याने २०७ तारकागुच्छांची पाहणी करण्यात येऊन ४२ गुच्छांत १५७ उत्सर्जन-रेषी तारे आढळल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. याच दूरदर्शकासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने अवरक्त वर्णपटमापक तयार केला असून तो २०१३ पासून वापरात आला. कॅलिफोर्नियातील पालोमार येथील ११० मी. आधाररेषेच्या अवरक्त व्यतिकरणमापकाच्या उभारणीतील शास्त्रज्ञांत कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांचा समावेश होता. २००१ साली या उपकरणाने श्रवण ताऱ्याचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासापेक्षा सु. १४ टक्क्यांनी अधिक असल्याचे दाखविले. श्रवण हा बीई तारा नसला, तरी शीघ्र परिवलनाने चपट्या झालेल्या ताऱ्याचे हे आरंभीचे प्रत्यक्ष मापन होय.

व्यतिकरणमापनाची परंपरा महाराष्ट्रात रेडिओ ज्योतिषशास्त्रात रुजली आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९६५ साली कल्याण येथे ३२ लहान परावर्तकांचा व्यतिकरणमापक सूर्याच्या अभ्यासासाठी उभारण्यात आला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकात ४५ मी. व्यासाचे ३० परावर्तक सु. २५ किमी. विस्तारात मांडलेले आहेत. रेडिओ तरंग विद्युत् संकेतांच्या रूपाने साठवून नंतर एकत्र करता येतात. अवरक्त तरंगांची कंप्रता सेकंदाला लक्षावधी कोटींच्या घरात असल्याने तो प्रकाश सामान्यतः त्याच क्षणी एकत्र आणावा लागतो. म्हणून अवरक्त उपकरणांच्या आधाररेषा किमी.मध्ये नसून शेकडो मी.मध्ये असतात. वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे ४ किमी. लांबीच्या भुजांचा व्यतिकरणमापक उभारण्यास २०२३ साली केंद्र शासनाने मंजुरी दिली. तो ताऱ्यांचा प्रकाश पाहणार नाही, १.०६४ मायक्रोमीटरच्या अवरक्त लेसर किरणांच्या व्यतिकरणावरून तो गुरुत्वीय तरंग ओळखील. उद्दिष्ट वेगळे असले, तरी मूळ तत्त्व तेच आहे.

अनिर्णित प्रश्न : चकतीचे अस्तित्व, तिचा चपटेपणा व केप्लरीय गती हे आता निश्चित झाले आहे. ताऱ्याचे द्रव्य उणीव असलेला वेग कसा मिळविते, याचे पूर्ण उत्तर मात्र मिळालेले नाही. अनेक बीई ताऱ्यांच्या पृष्ठांवर लाटांसारखी स्पंदने आढळतात. एकापेक्षा अधिक स्पंदने एकमेकांना बळ देतात त्या वेळी द्रव्य उसळून कक्षेत जात असावे, असे काही ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून दिसते. तथापि हे सर्व बीई ताऱ्यांना लागू पडते की नाही, हे ठरावयाचे आहे. एखाद्या ताऱ्याची चकती नव्याने बनत असताना तिचे व्यतिकरणमापन वारंवार केले, तर द्रव्य प्रथम कोठे व केव्हा सुटते हे पाहता येईल. असे प्रसंग आगाऊ सांगता येत नसल्याने तेजस्वी बीई ताऱ्यांवर सातत्याने लक्ष ठेवावे लागते. या कामात लहान दूरदर्शक व साधा वर्णपटमापक असलेले हौशी निरीक्षकही भर घालतात. माथ्यावरून जाणारा वृषभातील झीटा तारा महाराष्ट्रातील अशा निरीक्षकांना विशेष सोयीचा आहे.